जुन्या जीपची पारख



व्यापारी घरात मुलाला गादीवर बसवले की त्याचा पहिला धडा खरेदीचा असतो. नफा मोजायचा तो विक्रीनंतर, पण तो कमवायचा घेताना, अशी आपल्या वाडवडिलांची शिकवण. माल कोणता, कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कशासाठी घ्यायचा, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याला देता येतात त्याच्या हाती पेढी निर्धास्तपणे सोपवता येते. आज मात्र हा धडा देण्याचे प्रसंगच घरांतून कमी होत चालले आहेत. मुले शाळा, शिकवणी आणि पुढे परगावच्या शिक्षणात गुंतलेली असतात. वडील सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात. घरातील बरीचशी खरेदी पडद्यावर बोट टेकवून होते आणि वस्तू पसंत पडली नाही तर ती परतही जाते. परत न करता येणारी, डोळ्यांनी आणि हातांनी पारखून घेण्याची वस्तू मुलांच्या वाट्याला क्वचितच येते.

अशी एक वस्तू म्हणजे जुनी जीप. वडील आणि मुलगा, किंवा वडील आणि मुलगी, यांनी मिळून एक जुनी चारचाकी घ्यावी, ती सुटी करावी, गंज काढावा, पुन्हा जोडावी आणि एके दिवशी ती आपल्या पायांवर उभी करावी, हा छंद आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. दुरुस्ती कशी करावी हे शिकवणारे अनेक आहेत. या अंकात विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या पायरीचा, म्हणजे निवडीचा. कारण अशा उपक्रमाचे यश बहुतांशी खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेले असते.

चुकीची गाडी घेतली तर काय होते, हे आधी स्पष्ट पाहिले पाहिजे. पैसा जातो, तो व्यापाऱ्याला सोसता येतो. पण अर्धवट सुटी केलेली जीप गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहते आणि मूल ती येता-जाता पाहते. पहिले काही दिवस ते विचारते, "पप्पा, या रविवारी करायचे ना?" पुढे विचारणे थांबते. वडीलधाऱ्यांनी घेतलेला संकल्प मध्येच सोडून देता येतो, एवढे मात्र त्याच्या मनात पक्के बसते. हा तोटा कोणत्याही वहीत नोंदला जात नाही आणि कोणत्याही दिवाळीला भरून निघत नाही. म्हणून ही निवड गंभीरपणे करावयाची.

हे आपल्याला शोभते का?

आपल्या घरात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, बहुधा आजी. तो टाळू नये. श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा कर्मादान व्यवसाय उपासकदशांग सूत्रात आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात सांगितले आहेत. त्यांत शकटकर्म, म्हणजे गाड्या व त्यांचे भाग बनविण्याचा व विकण्याचा धंदा, याचा समावेश आहे. तेव्हा आजीचा आक्षेप निराधार नाही. तो निषेध उपजीविकेच्या संदर्भात आहे आणि आपण येथे एकाच गाडीविषयी, तीही पूर्वीच बनलेल्या गाडीविषयी बोलत आहोत, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे.

खरी कसोटी अनर्थदंड-विरमण व्रताची आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन येते. माती, पाणी, अग्नी आणि वायू यांची निष्प्रयोजन उलथापालथ, विनाकारण वनस्पतींचा छेद आणि निरर्थक भटकणे हे सारे त्यात मोडते. पावसाळ्यात हिरव्या माळावर चिखल उडवीत, ओढ्याच्या पात्रात चाके फिरवीत केलेली मौज या वर्णनात जशीच्या तशी बसते. चार चाकांना ताकद आहे म्हणून गवत, मुंग्यांची वारुळे आणि जलकायाचे जीव तुडवीत जाण्याची मोकळीक मिळत नाही. ज्या घराला जीप हवी आहे ती केवळ यासाठी असेल, तर त्या घराने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण प्रयोजन निराळेही असू शकते. मोडीत जाणारी वस्तू वाचवणे, मुलाला हाताच्या श्रमाची प्रतिष्ठा कळणे, आणि गाडी उभी राहिल्यावर तिचा सत्कार्यासाठी उपयोग होणे. पांजरपोळाला चारा पोचविण्यासाठी अशा गाडीइतके सोयीचे दुसरे वाहन नाही. महामार्गावरून पहाटेच्या अंधारात विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या मागे, इशाऱ्याचे दिवे लावून सावकाश चालणारी एक गाडी विहारसेवेतील स्वयंसेवकांना मोठा आधार देते. खरेदीपूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून या गाडीचे प्रयोजन एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता आले नाही तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही.

आधी मर्यादा, मग गाडी

परिग्रह-परिमाण व्रताचे तत्त्व येथे व्यवहारातही उपयोगी पडते. गाडी पाहण्यास निघण्यापूर्वी तीन मर्यादा ठरवाव्यात.

पहिली पैशाची. खरेदीला जेवढी रक्कम लागेल, किमान तेवढीच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. खरेदीची किंमत कमी असेल तर दुरुस्तीची रक्कम तिच्या दुप्पटही होऊ शकते. टायर, बॅटरी, वायरिंग, ब्रेक आणि डेंटिंग-पेंटिंग यांना गाडी किती स्वस्तात मिळाली याचे काही देणेघेणे नसते. दोन्ही रकमांची बेरीज ज्यांना जड वाटते त्यांनी थांबावे.

दुसरी जागेची. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या सुमारे तिप्पट जागा व्यापते. वर छप्पर, खाली पक्की फरशी आणि कुलूप लावता येईल असे दार हवे. मालाच्या गोदामात पेट्रोलची गाडी सुटी करणे सर्वथा गैर आहे. कापड, कागद किंवा तेलाच्या डब्यांशेजारी तर मुळीच नाही.

तिसरी काळाची. आपल्या पंचांगातच याचे उत्तम वेळापत्रक आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, हवा कोरडी होते, तेव्हा कामास आरंभ करावा. अक्षय तृतीयेपर्यंत गाडी चालती व्हावी असे लक्ष्य ठेवावे, आणि पुढील चातुर्मासापूर्वी काम आटोपावे. आठवड्यातून एक दिवस, तीन तास, एवढेच नेमाने मिळाले तरी पुरते. दहावी-बारावीचे वर्ष मात्र वर्ज्य समजावे. माझ्या मते बारा ते सोळा हे वय सर्वांत योग्य. हातात पाना पेलतो आणि वडिलांबरोबर वेळ घालविण्याचा संकोच अजून आलेला नसतो.

कोणती गाडी?

आपल्या देशात डोंगर-दऱ्यांत चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे मुख्य चार वंश आहेत.

पहिला विलिस. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील अनेक भारतात राहिल्या. युद्धकाळातील जीपच्या समोरील जाळीला नऊ उभ्या फटी असतात आणि नंतरच्या नागरी जीपला सात, ही ओळखीची पहिली खूण. हा वंश सर्वांत मानाचा, पण नवशिक्यांसाठी सर्वांत धोक्याचा. ऐंशी वर्षांत एकेका गाडीचे इंजिन, दोन्ही ॲक्सल आणि सांगाडा वेगवेगळ्या गाड्यांतून आलेले असू शकतात. मूळ भाग दुर्मिळ आणि महाग असतात. ज्या घरात आजोबांची विलिस अंगणात आधीच उभी आहे त्यांनी तीच जपावी; ज्यांना नव्याने घ्यायची आहे त्यांनी हा मोह आवरावा.

दुसरा महिंद्रची जीप. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईच्या माझगावात विलिस जीपचे आयात भाग जोडण्यास सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप भारतात अनेक दशके बनत राहिली. बॉनेट उंच असण्याचे कारण तिचे २.२ लिटरचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन. त्यात हवा-इंधन आत घेणारा व्हॉल्व्ह वर, डोक्यात असतो आणि धूर बाहेर सोडणारा खाली, ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही वर गेले. मुलाला एखाद्या वस्तूचे रूप तिच्या कार्यातून कसे घडते हे दाखविण्यासाठी याहून सोपे उदाहरण नाही. नंतरच्या जीपमध्ये ट्रॅक्टरच्या वंशातील डिझेल इंजिन आले, आणि एमएम ५४० मध्ये प्यूजो रचनेचे २.१ लिटरचे डिझेल. मागे ठळक अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेल्या या जीप आपल्या पिढीने बाजारपेठांतून पाहिल्या आहेत. रचना अत्यंत साधी, बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांसमोर, आणि तालुक्याच्या गावातही तिचे काम जाणणारा एखादा वयस्क मेकॅनिक सापडतो. एक सावधगिरी मात्र हवी. यांतील अनेक जीप केवळ मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या आहेत. समोरच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियलचा गोल फुगवटा आहे की साधी लोखंडी पट्टी, हे वाकून पाहावे. हे काम मुलावरच सोपवावे.

तिसरी मारुती जिप्सी. डिसेंबर १९८५ मध्ये ती ९७० सीसीच्या इंजिनासह आली; १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० साली कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय प्रणाली आली. वजन सुमारे एक टन. भाग सहज मिळतात, इंजिन शांत, आणि पुढील चाकांना डिस्क ब्रेक असल्याने थांबण्याच्या बाबतीत जुन्या जीपहून पुष्कळ भरवशाची. तिचा शत्रू एकच, गंज. फरशीचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि मागील चाकांवरील कमानी आतून पोखरलेल्या असतात. कोकणपट्टीत किंवा मुंबईत वाढलेली जिप्सी घेण्यापेक्षा सोलापूर, जालना, नगर अशा कोरड्या भागातील घ्यावी, भाव थोडा अधिक पडला तरी.

चौथी जोंगा. निसान पेट्रोलच्या रचनेवर जबलपूरच्या वाहन निर्माणीत सैन्यासाठी १९६९ पासून सुमारे तीस वर्षे ती बनली. जवळपास चार लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, भक्कम अंग आणि रुबाबदार चेहरा. पण तिचा प्रत्येक भाग जड आहे, तो उचलण्यासाठी दोन मोठी माणसे लागतात, आणि इंधनाची भूक अफाट. मुलाने केवळ बघत उभे राहावे अशी ही गाडी आहे. आपल्या उपक्रमाचा हेतूच त्यामुळे हरवतो.

तेव्हा माझा सल्ला असा. मुलाला यंत्राची मुळाक्षरे गिरवायची असतील तर पेट्रोल सीजे-३बी किंवा तिच्या वंशातील साधी महिंद्र. गाडी उभी राहिल्यावर आईलाही निर्धास्तपणे चालविता यावी असे वाटत असेल तर जिप्सी. आणि कोणतीही असो, ती पूर्ण आणि चालती असावी. पोत्यांत भरलेल्या सुट्या भागांसह मिळणारी स्वस्त गाडी कधीही घेऊ नये. त्या पोत्यांत काय नाही, हे तिसऱ्या महिन्यात कळते. चालत्या गाडीवर मात्र पहिल्या रविवारी सर्वांना एक फेरी मारता येते. पुढचे सहा महिने आपण कशासाठी कष्टतो आहोत, हे त्या फेरीत मुलाला कळते.

पाहणी

सोने कसोटीवर घासून पाहावे तशी गाडीही पाहावी. सोबत एक टॉर्च, एक छोटे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून, एक पेचकस, एक जुनी चादर आणि एक वही असावी. वही मुलाच्या हाती.

सर्वप्रथम सांगाडा, म्हणजे चेसिस. चादर अंथरून गाडीखाली टॉर्च धरावा, गाडी मात्र जॅकवर उचललेली नसावी. पेचकसाच्या मुठीने चेसिसवर ठिकठिकाणी टकटक करावी. निरोगी लोखंड खणखणते. कुजलेले दबका आवाज देते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. स्प्रिंगा जेथे जोडल्या आहेत तेथील जागा विशेष पाहावी. वेल्डिंगचे ताजे पट्टे, एका बाजूला झुकलेली गाडी आणि चारही चाकांची असमान झीज या गोष्टी अपघात सुचवतात.

मग पत्रा. रंग चकचकीत असेल तर चुंबक फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. लहान खड्ड्यात लांबी असणे क्षम्य. पूर्ण पॅनेलच लांबीचे असेल तर तो पत्रा नवा करावा लागेल आणि त्याची किंमत भावातून वजा करावी.

इंजिन थंड असतानाच पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर त्याचे कारण विचारावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळत आहे. सुरू केल्यावर निळा धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळत आहे. हे दोष दुरुस्त होतात. म्हणूनच क्रम लक्षात ठेवावा: दुबळे इंजिन आणि निरोगी चेसिस हा सौदा बरा, सुरेल इंजिन आणि कुजलेले चेसिस हा सौदा वाईट.

जुन्या पेट्रोल गाडीबाबत आणखी एक हिशेब धरावा. आजचे पेट्रोल इथेनॉलमिश्रित असते आणि ते जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरच्या गॅस्केटना मानवत नाही. त्या सर्व बदलण्याचा खर्च पहिल्याच यादीत लिहावा.

कागद आधी, लोखंड नंतर

गाडी कितीही आवडली तरी कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नोंदणी पुस्तकावरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ठोकलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. आरटीओतही हीच पद्धत आहे. क्रमांक पुन्हा ठोकल्याची, घासल्याची किंवा वेल्डिंग केल्याची शंका आली तर तेथूनच परत फिरावे. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५ हवा. दुसऱ्या राज्यातील गाडी असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र हवे. सैन्याच्या लिलावातील गाडी असेल तर लिलावाची मूळ विक्रीपत्रे हवीत.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण अनेक वर्षे थकलेले असेल तर शुल्क आणि दंड यांची बेरीज आरटीओत जाऊन आधीच विचारून घ्यावी. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपातील गाड्यांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली आहे. तिचे पहिले शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. पांजरपोळाच्या चाऱ्यासाठी गाडी हवी असेल तर ही नोंदणी उपयोगाची नाही, हे ध्यानात घ्यावे.

दोन गोष्टी हौसेच्या भरात हमखास विसरल्या जातात. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. मोठे टायर, लांबवलेले चेसिस, दुसऱ्याच गाडीचे इंजिन हे मोह सोडावेत. दुसरी गोष्ट रंगाची. जीप म्हटली की मुलांना सैनिकी ऑलिव्ह हिरवा रंग हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. मुलाचा हिरमोड रंगाऱ्याच्या दारात होण्यापेक्षा खरेदीपूर्वीच झालेला बरा.

येथे धर्मही कायद्याच्या जोडीला उभा आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीचा माल घेणे आणि खऱ्याच्या जागी खोटे देणे या दोहोंचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वस्तातील भाग कोठून आला याचे उत्तर विक्रेता देत नसेल तर तो भाग घेऊ नये. कर वाचावा म्हणून विक्रीच्या कागदावर कमी रक्कम लिहू नये. आणि उद्या आपणच ही गाडी विकायला काढली, तर नवे अंग बसवलेल्या जीपला मूळ म्हणून दाखवू नये. मूल हे सारे पाहत असते. पाठशाळेत ऐकलेल्या पाच अणुव्रतांचा अर्थ ते या व्यवहारात तपासून पाहते.

पडिलेहण आणि सुरक्षा

अनेक वर्षे उभी असलेली गाडी म्हणजे जीवांचे घर. सीटखाली उंदराची पिले, दिव्याच्या खोबणीत गांधीलमाशीचे पोळे, एअर फिल्टरमध्ये कोळी असतात. साधु-साध्वी वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात तसे या गाडीचे करावे. पूंजणीने किंवा मऊ ब्रशने हळुवार झाडावे, घरटे दिसले तर पिले उडेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरच इंजिन सुरू करावे. काम सूर्यास्तापूर्वी आटोपावे. प्रखर दिव्यांवर पतंग येणार नाहीत आणि चोविहारही सांभाळला जाईल. जुने इंजिन ऑइल गटारात किंवा मातीत कधीही ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. सीटसाठी चामडे टाळून कॅनव्हास किंवा रेक्झिन घ्यावे.

मुलाच्या सुरक्षेत तडजोड नको. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली लोखंडी घोडी लावलेली हवी आणि चाकांना अडकण हवी. जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि हे काम मोठ्यांनीच मुखपट्टी लावून करावे. जुना रंगही कोरडा घासू नये. बॅटरीची तार सर्वांत आधी सोडवावी. आणि गाडी तयार झाली तरी अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मुलाने ती रस्त्यावर चालवू नये. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीनाने वाहन चालविल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

निर्णय कोणाचा?

शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. किमान तीन गाड्या पाहिल्याशिवाय एकही घेऊ नये, आणि प्रत्येक गाडी पाहून परतताना वडिलांनी आपले मत आधी सांगू नये. वही मुलाकडे आहे. त्याने वाचून दाखवावे. चेसिस कसे, कागद कसे, खर्चाचा अंदाज किती, आणि घ्यावी की नाही. वडिलांना आवडलेली गाडी मुलाने कारण देऊन नाकारली तर ती नाकारलीच गेली पाहिजे. नुसता होकार देणारे मूल या उपक्रमात साहाय्यकच राहते. ज्याच्या नकाराला घरात मोल आहे ते मात्र भागीदार होते.

आपल्या पेढ्यांवर भागीदारीचा करार स्टँपपेपरवर होतो, पण भागीदारीची सवय त्याआधी कितीतरी वर्षे लागावी लागते. उद्या हाच मुलगा किंवा हीच मुलगी व्यवसायात येईल तेव्हा एखाद्या सौद्यावर आपल्याला थांबवील. "पप्पा, हा माल दिसतो तसा नाही" असे आपल्याला तोंडावर सांगण्याचे धैर्य तिच्या अंगी असावे असे वाटत असेल, तर त्याचा सराव एखाद्या गावाबाहेरच्या शेडमध्ये, गंजलेल्या जीपशेजारी, चुंबक हातात धरून झालेला बरा. तेथे चुकीची किंमत कमी आहे.

कार्तिकी पौर्णिमेला अजून अवकाश आहे. तोवर वही आणून ठेवावी, पहिल्या पानावर गाडीचे प्रयोजन लिहावे, दुसऱ्या पानावर तीन मर्यादा आणि त्याखाली दोघांच्या सह्या. गाडी मग शोधता येईल.